चौथं कडवं

गाणं तिसऱ्या कडव्यानंतर संपलं आणि चौथं कडवं माझ्या घशात तसंच उभं राहिलं, चपला घालून दारात खोळंबलेल्या पाहुण्यासारखं, ना आत ना बाहेर. एसटी करंजीच्या फाट्यावर थांबली होती. पुढच्या सीटवरच्या माणसानं शर्टाच्या खिशात मोबाईल उभा ठेवला होता आणि त्या खिशातून माझा आवाज येत होता. माझा! ‘माय, समोर बस, समोर बस, मागं बसून किती दिवस?’ कंडक्टर तिकिटाच्या मशीनवर बोटांनी ठेका धरून होता, मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं ‘समोर बस’चं ‘समोर सरक’ करून एकमेकांना ढकलत होती, आणि मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून वाट बघत होते, की यावेळी तरी. मूर्खपणाच आहे हा. मोबाईलमधलं गाणं काय आपल्या मनात आलं म्हणून लांबतं? तरी दर वेळी तिसरं कडवं सरत आलं की माझा श्वास आपोआप भरला जातो, छाती वर येते, आणि तिथंच ढोलकीचा शेवटचा तुकडा वाजून सगळं बंद. मग तो भरलेला श्वास ठेवायचा कुठं? नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेली शिंक परत गेली की डोकं कसं भणभणतं, तसं होतं मला. दिवाळीपासून मी असल्या परत गेलेल्या शिंका घेऊन मारेगावात फिरते आहे आणि लोक मला म्हणतात, पोरी, तुहं नशीब काढलं गाण्यानं.

शेजारी एक मावशी बसली होती, मांडीवर वांग्यांची थैली. तीही मान हलवत होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, “मावशी, हे गाणं मी म्हटलंय.” तिनं मला चपलांपासून वेणीपर्यंत पाहिलं. “हाव का? अन् मी कलेक्टर हाव.” मागची पोरं खिदळली. “खरंच मावशी. लिहिलंय बी मीच.” “अवं, मले काय येडी समजली? माह्या नातवाच्या मोबाईलात रोज पाहतो. ते पोट्टी उंच हाय. लांब येणीवाली. तू तं चिमणीएवढी दिसून राह्यली.” उंच, लांब वेणीवाली म्हणजे खुशी. खुशी माझी जिवाची मैत्रीण आहे, मागं कोरसला असते, पण व्हिडिओत मधोमध उभी आहे. कारण गाणं रेकॉर्ड करून चॅनलवर टाकणाऱ्या धम्मरत्नदादानं कॅमेऱ्यातून बघून सांगितलं होतं की उंच पोरगी मधात पाहिजे, नाहीतर चित्र बसत नाही. मी तेव्हा हसून बाजूला सरकले. चेहऱ्याचं मला खरंच काही वाटलं नव्हतं, म्हटलं आवाज तर माझा आहे ना, आणि नाव तर चौथ्या कडव्यात येणारच आहे. मावशीला मी हे सगळं सांगणार होते, पण तिनं थैलीतून एक वांगं काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “घे. खोटं बोलली तरी बोलाची हिंमत हाय तुह्यात.” वांगं घेऊन मी पांढरकवड्याला उतरले. उद्या तीन जानेवारी, शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीचा मोठा कार्यक्रम, तिथं आमचं गाणं, आणि त्याच्या आधी मला धम्मरत्नदादाच्या स्टुडिओत जाऊन एकच गोष्ट सांगायची होती: माझं चौथं कडवं परत जोड आणि आजच्या आज पुरं गाणं चॅनलवर टाक. फोनवर सांगून झालं होतं, मेसेज करून झाले होते. वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून आईला ‘जास्तीचा तास आहे’ सांगून मी एकटी गाडीत बसले होते. एकटी! मागच्या वर्षीपर्यंत मी रिक्षात चढतानासुद्धा कोणाची तरी ओढणी धरायची.

चौथं कडवं म्हणजे नुसतं कडवं नाही, ती छाप आहे. हे मला बळीरामकाकांनी शिकवलं. काका आमच्या गल्लीतले, तहसीलमधून शिपाई म्हणून निवृत्त झाले, पण त्याआधी ते कव्वालीच्या पार्टीत पेटीवर होते, आणि जयंतीच्या रात्री दोन पार्ट्यांचा मुकाबला लागला की वणीपासून लोक बैलगाड्या जुंपून यायचे म्हणतात. काका म्हणतात, शेवटच्या कडव्यात ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव येतं, आपल्या गुरूचं नाहीतर गावाचं येतं, ती छाप. “ज्या गाण्याले छाप नाई ते गाणं बेवारस. कोनंही उचलून नेते.” विहारात संध्याकाळी वंदना झाली की सतरंजीवर आमची पार्टी बसायची: मी, खुशी, आणि ढोलकीवर तांड्यावरची ममता. ममता बोलते कमी आणि वाजवते असं की पायाखालची फरशी थरथरते. पार्टीचं नाव ‘उजेड’. काकांचे नियम दोनच. एक, छापेशिवाय गाणं नाही. दोन, जागा रिकामी पडू द्यायची नाही. म्हणजे पुढचीचा श्वास तुटला, शब्द विसरला, ठसका लागला, तर मागचीनं तो शब्द तिथल्या तिथं उचलायचा, डोळ्यांनी विचारायचंसुद्धा नाही. “गाण्यात खड्डा पडला का मागच्यानं पाय टाकाचा,” काका म्हणायचे आणि मुद्दाम मधेच माझ्यासमोर हात आडवा करायचे. मी थांबायची, खुशी उचलायची, काका तिच्यासमोर हात आडवा करायचे, ममता उचलायची. ममताचा आवाज घोगरा, पण उचलायची. असं करून करून आमचं इतकं पक्कं झालं होतं की शाळेत बाई माझ्यावर ओरडता ओरडता थांबल्या तर पुढचं वाक्य खुशीच्या तोंडातून निघायचं.

आणि ते गाणं मला कुठं सापडलं, तर बुंदीच्या घमेल्यापाशी. मागच्या चौदा एप्रिलला. विहारात भाषणं चालली होती, पुढं खुर्च्या, त्यामागं सतरंज्या, त्यामागं बाया, बायांच्या मागं खांब आणि खांबाच्या मागं माझी आई, इंदूबाई, बुंदीच्या घमेल्यावर वर्तमानपत्र झाकून माशा हाकलत उभी. मला पुढून दिसत होता फक्त तिच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीचा एक तुकडा. भाषण करणारे साहेब सांगत होते स्त्री ही समाजाचा कणा आहे. मी वळून पाहिलं तर कणा माशा हाकलत होता. मला हसू आलं आणि हसता हसता राग आला, आणि राग आला की माझ्या डोक्यात ठेका सुरू होतो, तो लहानपणापासूनच. ‘माय, समोर बस.’ एवढंच आलं आधी. घरी येईपर्यंत ‘मागं बसून किती दिवस’ जुळलं. पुढची कडवी आठवडाभरात आली, बोंडांनी फाटलेल्या बोटांचं, सगळ्यांना वाढून उरलेल्या भाकरीचं, शाळेच्या सभेत दाराशी उभं राहण्याचं. आणि मग छाप. काका म्हणाले, आपलं नाव टाक, अन् बापाचं टाक. बाबा ट्रकवर असतात, हैदराबादच्या फेऱ्या, त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, “माह्यं नाव कायले वं, गाणं तुह्या मायवर हाय तं तिचंच टाक.” मला तेच पाहिजे होतं. मी केलं:

कोणी विचारलं, गाणं कोणाचं?
नाव सांगते माझ्या मुळाचं,
प्रेरणा म्हणे, लेकरू इंदूचं,
इंदू, समोर बस, समोर बस.

काकांनी पेटीवरचा हात थांबवला, म्हणाले, “बाईच्या नावाची छाप मी आजवर आयकली नाई. चालते. चालते व पोरी.” आणि मी तेव्हापासून जी चालायला लागले ती आजपर्यंत थांबले नाही. प्रार्थनेला पुढं उभी राहते, गणिताच्या सरांना ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणते, आरशात स्वतःला ‘काय म्हणता कवयित्री’ म्हणून विचारते. एका ओळीत आपलं नाव बसलं, की माणूस उंच होतो. मावशीला दिसलं नसेल.

म्हणून तर दिवाळीच्या सुटीत गाणं चॅनलवर आलं, आणि सगळी गल्ली खुशीच्या घरच्या मोबाईलभोवती जमली, आणि तिसऱ्या कडव्यावर ते संपलं, तेव्हा मला आधी वाटलं नेट गेलं. मी स्क्रीनवर बोट मारत राहिले. खुशी म्हणाली, “अवं, झालं ना ते.” झालं? टाळ्या वाजत होत्या. काका चष्मा पुसत होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा चष्माच पुसायला लागले. त्या दिवसापासून गाणं सुटलंच. लोकांनी त्याच्या रील काढल्या, आईला स्कूटीवर पुढं बसवलं, ट्रॅक्टरवर बसवलं, एकानं तर म्हशीला आणून ‘माय, समोर बस’ केलं. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते तिथं रात्रंदिवस वाजायला लागलं, लग्नांच्या वरातीत डीजेवर आलं, डीजेवाल्यानं मधे ‘ए समोर बस, बस, बस’ असं चाळीस वेळा केलं आणि पोट्टे गुडघ्यांवर बसून नाचले. जिकडं जावं तिकडं मी. आणि जिकडं जावं तिकडं मी तिसऱ्या कडव्यापर्यंतच. शाळेत नववीच्या एका पोरीनं मला शिकवलं, “दिदी, असं नाही, असं म्हणतात ते.” मला! मी तिला म्हटलं, हे मी लिहिलंय. ती म्हणाली, “लिहिलंय कुठं दिदी, हे तर जुनं गाणं आहे ना, पहिल्यापासूनचं?” पहिल्यापासूनचं. काका म्हणतात ते हेच बेवारस. मी विहारामागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि नळाला म्हटलं, प्रेरणा म्हणे लेकरू इंदूचं. नळ गळत राहिला.

धम्मरत्नदादाचा स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानामागची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे एक माईक, त्याला बाईच्या जुन्या मोज्याची टोपी. दादा वाईट माणूस नाही. त्यानं मला बघितलं आणि लगेच चहा सांगितला, म्हणजे त्याला माहीत होतं. मी वांगं टेबलावर ठेवलं आणि सुरू झाले. काय काय बोलले ते आता आठवून मलाच मजा वाटते. म्हटलं दादा, तू माणसाचं डोकं कापून धड लग्नात नाचवलंस. म्हटलं, लांबी कमी पाहिजे होती तर मधलं कापायचं होतं, भाकरीचं कापायचं होतं, बोटाचं कापायचं होतं. शेवट काहून? शेवटच काहून? तो माझ्याकडं न बघता माईकचा मोजा सारखा करत राहिला. “प्रेरणा, तुले राग येते ते बरोबर हाय.” “मग टाक ना परत!” “टाकता येत नाही.” “काहून नाही? डिलीट केलं का?” “डिलीट नाही केलं. हाय.” “मग?” तेवढ्यात चहा आला. चहावाला पोरगा गेला. दादा म्हणाला, “मी शब्द देल्ला.” “कोणाले?” “तुह्या मायले.”

मी हसले. खरंच हसले आधी. मला वाटलं हा मला टाळायला काहीही सांगतो आहे. दादा म्हणाला, व्हिडिओ काढायला तो मारेगावला आला होता, आम्ही तिघी अंगणात उभ्या राहून कोण मधात, कोण बाजूला करत होतो, तेव्हा आईनं त्याला आत चहाला बोलावलं आणि चुलीपुढं बसल्या बसल्या सांगितलं. “म्हणे, भाऊ, शेवटचं कडवं तेवढं ठेवू नका. माह्यं नाव नको बाहेर. अन् पोरीले सांगू नका, तिचा हिरमोड होते. मी म्हटलं बाई, अवो छाप हाय ते. तं म्हणे, छाप तिची ठेवा, माही नको. आता ते एकाच ओळीत आहे दोघींचं. कसं वेगळं करू?” त्यानं हात पसरले. “तूच सांग. कसं वेगळं करू?”

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली नाही. मधल्या जागेत उभी राहून मी सगळं वर्ष उलटं वाचत होते. मी आईला ते कडवं पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा ती काय म्हणाली होती? काहीच नाही. ती उठून दूध बघायला गेली होती. चुलीवर दूध नव्हतं. मला तेव्हा इतकं छान वाटलं होतं, वाटलं हिला भरून आलं, डोळे लपवायला गेली. मी खुशीला सांगितलं, ममताला सांगितलं, एका निबंधातसुद्धा लिहिलं, ‘माझ्या आईचे डोळे आनंदाने पाणावले’ म्हणून, आणि बाईंनी त्याखाली लाल शाईनं ‘सुंदर’ केलं. मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. मी पाठ पाहिली आणि चेहरा स्वतःच्या मनानं लावून टाकला. धम्मरत्नदादानं उंच पोरगी मधात लावावी तसा. आणि मला राग येत होता, आईचा, दादाचा, स्वतःचा, आणि सगळ्यात जास्त याचा, की आता राग ठेवायला जागाच नव्हती. इतके दिवस दादा होता. दादावर राग कसा मोकळा येत होता! आता जो श्वास भरून येत होता तो आईपाशी जाऊन थांबत होता आणि तिथं चूल होती, फाटलेली बोटं होती, माझाच सगळा माल. माझ्याच गाण्यातल्या बाईवर मी ओरडणार कशी? मारेगावच्या स्टँडवर कोणाच्या तरी ऑटोत गाणं लागलं होतं. मी दोन्ही कानांत बोटं घातली. ऑटोवाला ओरडला, “काय वं, आवडत नाई का?”

आई वेचणीहून नुकतीच आली होती. ओसरीवर बसून केसांतला कापूस काढत होती, पदराच्या ओट्यात थोडी कवडी होती, किडकी बोंडं, ती ती घरी आणून निवडते, वातींना होतात म्हणते. मी दारातूनच सुरू केलं. “तू दादाले काहून सांगतलं?” तिचा हात केसांतच थांबला. जास्तीच्या तासाचं तिनं विचारलंच नाही. “सांगतलं का त्यानं? तोंडाचा पक्का नाई मेला.” “आई, माझं गाणं होतं ते!” “होतं तं. मी कुठं माह्यं म्हटलं?” “तुझ्यासाठी केलं होतं!” “मले इचारलं होतं?” बाबांना विचारलं होतं, काकांना विचारलं होतं. तिनं एक कवडी उचलली, सोलली, खाली टाकली. मग एकदम सांगायला लागली, भाजीचा भाव सांगावा तशी. झरीकडं तिच्या गावी ती सातवीत होती. शाळेच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं मोठ्ठं लिहिलं, इंदू. बाकी काहीच नाही, नुसतं इंदू. पुढं ना मागं. तिनं नाही लिहिलं, कोणी लिहिलं ते आजही माहीत नाही. शाळा सुटताना सगळे ते वाचत होते आणि तिच्याकडं बघत होते. “मास्तरनं पोट्ट्याईकून पुसून घेतलं, पण चुन्यावरचा कोळसा पुसला का आजून पसरते. घरी गेली तं तुह्या आबानं दप्तर कोठीवर ठेवून देल्लं. झालं. शाळा झाली.” ती हसली. “पुढच्या पावसापर्यंत होतं ते नाव भितीवर. मी पानी भराले जाओ तं दिसे.” मी म्हटलं, “पण ते वेगळं होतं आई. हे गाणं आहे.” “गानं हाय. पन त्या डीजेच्या धुमधाम्यावर वाजते का नाई? दारू पिऊन पोट्टे गुडघ्यावर बसते का नाई? ते माह्यं नाव घेऊन म्हनन, इंदू, समोर बस?” तिनं ओटा झटकला. “उद्या शाळेत म्हनतो तं म्हन. माह्यं नाव नको घेऊ. तुह्यं घे.” मी काही तरी बोलायला हवं होतं, मोठं, समजूतदार. मी म्हटलं, “मग गाण्याला शेवटच नाही!” आणि आत जाऊन चादर डोक्यावरून घेतली. ती भिंत मला चादरीच्या आतून दिसत होती. आणि खरं सांगू? भिंत दिसत होती तरी राग जात नव्हता. कारण समजणं एक आणि घशातलं कडवं एक. ते समजूत घातली म्हणून खाली उतरत नाही.

सकाळी मी काकांना सांगितलं, चौथं कडवं घ्यायचं, आईचं नाव घ्यायचं नाही, तेवढी जागा पेटीवर वाजवा. काकांनी मान वाकडी केली. “नावाची जागा रिकामी?” “हो.” खुशीला आणि ममताला पण सांगितलं, इंदू म्हणायचं नाही. खुशी म्हणाली, “हाव, समजलं, नाही म्हणत. दहा खेप नको सांगू.” मैदानावर मांडव होता, बाया आल्या होत्या, वेचणीच्या दिवसांत एवढ्या येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. कारण गाणं. मोबाईलवरचं गाणं खरोखर तोंडानं म्हणणाऱ्या पोरी बघायला आल्या होत्या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या. आई आली होती, मी स्टेजवरून शोधली, पार मागं, पाण्याच्या टाकीला टेकून उभी, अर्ध्या दिवसाची वेचणी पाडून आलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून. मी गायला लागले आणि सगळं मैदान गायला लागलं. पहिलं कडवं मला ऐकूच आलं नाही, नुसता समुद्र. दुसऱ्याला मावश्या टाळ्या द्यायला लागल्या. तिसरं सरलं आणि सगळ्यांनी शेवटची टाळी वाजवली, मुख्याध्यापक उठून माईककडं यायला लागले, आणि काकांनी पेटी सोडली नाही. धरून ठेवली. मी श्वास घेतला, सगळ्या दिवाळीचा.

‘कोणी विचारलं, गाणं कोणाचं?’ मैदान गप्प. हे त्यांच्या मोबाईलमध्ये नव्हतं. मुख्याध्यापक अर्ध्या वाटेत उभे. ‘नाव सांगते माझ्या मुळाचं.’ मी टाकीकडं पाहिलं नाही. मी ठरवलं होतं पाहायचं नाही. ‘प्रेरणा म्हणे, लेकरू…’ आणि मी थांबले. काकांची बोटं त्या जागेवर चालली, आणि तेवढ्यात मागून, डोळ्यांनीसुद्धा न विचारता, खुशीनं उचललं: ‘नलूचं!’

नलू म्हणजे खुशीची आई. खुशीला स्वतःला कळलं नाही आपण काय केलं. खड्डा पडला, तिनं पाय टाकला. इंदू म्हणायचं नव्हतं, रिकामं ठेवता येत नव्हतं, जे तोंडात होतं ते आलं. मी दचकून पुन्हा ओळ धरली, सावरायला, ‘प्रेरणा म्हणे, लेकरू…’ आणि ढोलकीवरून घोगरा आवाज: ‘रामीबाईचं!’ ते ठेक्यात बसत नव्हतं, ममतानं ढोलकीच एक मात्रा लांबवून ते बसवलं. तांड्यावरच्या बाया एका जागी बसल्या होत्या, त्यातून कोणीतरी किंचाळलं, “ए याडी, तारो नाम लिदी!” याडी म्हणजे त्यांच्यात आई, आणि ममताच्या याडीनं, रामीबाईनं, ओढणीत तोंड लपवलं. तिसऱ्यांदा मी ओळ धरली नाही, मैदानानं धरली. नववीची ती पोरगी, मला शिकवणारी, बाकावर उभी राहून ‘जयाचं!’ म्हणून ओरडली. मग हंसाबाईचं, मग एकदम पाच-सहा नावं, मग कळेनाच. प्रत्येक नावाला एक बाई हसत, लाजत, ढकलली जात पुढं यायला लागली. आमच्या गणिताच्या सरांनी, मिशीवाल्या सरांनी, आपल्या आईचं नाव घेतलं, वाटतं. पाहुण्यांनी खुर्च्या दिल्या. मुख्याध्यापक माईकपाशी पोचले आणि बाजूला सरून टाळ्या द्यायला लागले. काका रडत होते आणि वाजवत होते. आणि मी स्टेजवर मधोमध उभी, यावेळी खरंच मधोमध, आणि माझ्या गाण्यात, माझ्या चौथ्या कडव्यात, मारेगावच्या सगळ्या आया आल्या होत्या, माझी सोडून. मी टाकीकडं पाहिलं. तिथं नुसती बादली होती.

मी तशीच घरी निघाले. रस्त्यात चार जणांनी थांबवलं, काय शेवट केला म्हणून, कोणाची आयडिया, म्हणून. व्हिडिओ निघालाच होता. धम्मरत्नदादाचा मेसेज आला होता, आता हेच पुरं टाकतो, याला तर तुझ्या मायची हरकत नाही ना? हरकत! आई ओसरीवर कालच्याच जागी बसून कालचीच कवडी निवडत होती. ऊन तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. मी चपला काढल्या. ती वर न बघता म्हणाली, “नलूचं आलं.”

“हो.”

“रामीबाईचं आलं. ते हंसाबाई, शेजारच्या शेताची बांधावरून शिव्या देते ते, तिचं आलं. तुह्या त्या गणिताच्या मास्तरच्या मायचं आलं, तिले मरून किती वर्षं झाले.” तिनं एक बोंड दाबून फोडलं. “सगळ्याईचं आलं. माह्यंच नाई आलं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग असा राग आला, असा राग आला, की डोळ्यांपुढं तारे चमकले. “तूच म्हणाली होतीस ना! तूच! नाव नको घेऊ म्हणून!”

“मी डीजेवर नको म्हटलं. शाळंत काय डीजे होता?”

“उद्या शाळेत म्हनतो तं माह्यं नाव नको घेऊ! हेच शब्द! काल! इथंच बसून!”

“काल मले काय माहीत, बाया येनार म्हून.” ती गाल फुगवून बसली होती, चक्क गाल फुगवून, सातवीतल्या पोरीसारखी. “मी तितं टाकीपाशी उभी. एकेकीचं नाव येते अन् ते पुढं जाते. नाव येते अन् पुढं जाते. मी म्हटलं आता येईन, आता येईन. शेवटी तितं मी अन् बादली. कायच्यासाठी उभं राहाचं? आली निघून.”

मी ओसरीच्या खांबावर हात आपटला. खांबाला काही झालं नाही, हाताला झालं.  “मग आता काय करू? सगळ्या मारेगावला परत बोलावू?”

“मारेगाव कायले पाह्यजे,” ती म्हणाली. “म्हन.”

“इथं? आता?”

“मंग कवा?”

“मग समोर बस,” मी दात आवळून म्हटलं.

“बसलीच तं हाव,” आई म्हणाली. आणि बसलीच होती, अगदी समोर, हातभर अंतरावर, ओट्यात कवडी घेऊन, फोडलेलं बोंड बोटांत धरून, आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. पेटी नव्हती, ठेका नव्हता, मागं उचलायला कोणी नव्हतं. मी श्वास घेतला. राग अजून उतरला नव्हता, म्हणून पहिलाच सूर जरा चढा लागला, पण मी तो सोडला नाही.